निरुपयोगी लाकूड, चारशे बारा किलो

ज्या लाकडी जमिनीवर मी आयुष्यातलं सगळं काही शिकलो, ती जमीन निरुपयोगी आहे असं मी सरकारी कागदावर लिहून दिलेलं आहे. खाली सही आहे, सहीखाली तारीख आहे आणि कागद तीन प्रतींत आहे. आपण फारसं खोटं बोलत नाही अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. बोललो असेनही, पण तीन प्रतींत नाही.

मी टॅप डान्स करतो आणि शिकवतो. बुटाच्या तळाला चवड्याशी एक आणि टाचेशी एक असे धातूचे दोन तुकडे बसवलेले असतात. त्यांनी लाकडावर ताल धरायचा, एवढाच हा उद्योग. हे मी गेली सदतीस वर्षं लोकांना समजावून सांगतो आहे आणि ते ऐकून घेतल्यावर लोक सदतीस वर्षं एकच विचारत आहेत, "हो, पण पोटापाण्यासाठी काय करता?" सासऱ्यांनी लग्नाआधी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे नक्की कुठल्या खात्यात येतं हे?" त्यांना मी आजवर समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही. तेही आता विचारायचे थांबलेत, पण थांबले ते दमल्यामुळे.

तसा माझा काळ अगदीच वाईट गेला नाही. हॉटेलांमधून बँड वाजत त्या दिवसांत मी बँडपुढे नाचलो आहे. कंपन्यांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांत जादूगार आणि आभारप्रदर्शन यांच्या मधली वीस मिनिटं हक्काने माझी असायची. एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला मी काचेच्या खिडकीत सलग तीन दिवस नाचलो. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी आत येऊन चौकशी केली, की हे किल्लीवर चालतं की विजेवर. मालकाने त्यांना उत्तर दिलं नाही, कारण त्याला गर्दी हवी होती. मीही थांबलो नाही, कारण मला तिसऱ्या दिवसाचं काम हवं होतं.

हे सगळं मी शिकलो ते बाईंकडे. बाईंचा वर्ग वजनमापे तपासणी कार्यालयाच्या माडीवर भरे. खाली दुकानदार आपले तराजू तपासून शिक्का मारून घ्यायला येत. वर एक लांबट खोली होती. तिला रस्त्याकडे तीन खिडक्या, कोपऱ्यात बाईंची खुर्ची आणि खाली ती लाकडी जमीन. संध्याकाळी पाच ते सहा आमचा वर्ग सुरू झाला की खालच्या टेबलांना, काट्यांना आणि पितळी वजनांना कंप सुटे. त्यामुळे त्या कार्यालयात पाच ते सहा या वेळात कुठलंही वजन खरं धरलं जात नसे. असा नियमच होता म्हणे. लेखी नव्हता, पण पाळला जाई.

बाई उंचीने जेमतेम पाच फूट. हातात काठी. त्या स्वतः क्वचितच नाचत. खुर्चीत बसून काठीने ताल देत आणि आमच्या चेहऱ्यांकडे न बघता पायांकडे बघत. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्यांना रस्त्यात भेटलो, तेव्हा त्यांनी आधी माझे बूट पाहिले आणि मग म्हणाल्या, "अरे, तू होय." वर्गाचा नियम एकच होता. जो पहिला येईल त्याने ओल्या फडक्याने सगळी जमीन पुसून काढायची. मग तो कुणाचाही मुलगा असो, कुणाचीही मुलगी असो. अठरा वर्षांपूर्वी बाईंचे गुडघे गेले, त्यांनी खुर्ची सोडली आणि वर्ग माझ्याकडे आला. नियम तसाच राहिला.

या वर्षी खात्याने इमारत दुरुस्तीला काढली. माडीवरची लाकडी जमीन उचकटून तिथे गुळगुळीत फरशी बसवायची असं ठरलं. मला नोटीस आली, तीत माझा उल्लेख "वरच्या मजल्यावरील आवाज" असा होता. मी बाईंना फोन केला. त्यांचं वेगळंच चाललं होतं. त्या ज्या घरात एकट्या राहत होत्या ते घर सोडून महिन्याभरात लेकीकडे जाणार होत्या, लांब, कायमच्या.

"मग त्या जमिनीचं काय करणार आहेत?" बाईंनी विचारलं.

"भंगारात जाईल, बाई."

पलीकडे एखादं खोकं सरकवल्याचा आवाज आला.

"जायच्या आधी एकदा ऐकायची होती," बाई म्हणाल्या आणि लगेच सामान बांधायच्या दोऱ्यांबद्दल बोलायला लागल्या.

बाईंनी आजपर्यंत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं नव्हतंच म्हणा. पण फोन ठेवताना माझं ठरून गेलं, की ती जमीन आपल्या घरी आणायची, मागच्या खोलीत बसवायची आणि बाई जायच्या आधी त्यांना ऐकवायची. काम साधं होतं. लाकूड काढायचं, आणायचं, ठोकायचं.

"अहो, आपल्या घराला जमीन आहे," बायको म्हणाली.

"आहे. पण ती वाजत नाही."

"जमीन वाजत नाही म्हणून आजपर्यंत कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही," असं म्हणून ती मागच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला गेली. आमच्याकडे होकार साधारण असाच येतो.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. तिथले हेडक्लार्क बावीस वर्षं आमच्या पायांखाली बसून नोकरी करत आले होते. मला पाहून त्यांनी सवयीने आधी वर छताकडे पाहिलं.

"जमीन? जमीन नेता येणार नाही," ते म्हणाले. "जमीन म्हणजे इमारत. इमारत कशी नेणार?"

"पण तुम्ही ती उचकटणारच आहात."

"उचकटल्यावर ते लाकूड."

"मग लाकूड नेतो."

"लाकडाचा लिलाव होतो."

"कधी?"

"पुरेसं लाकूड जमलं की. मागचा लिलाव झाला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता तिची मुलगी आहे बालवाडीत." त्यांनी आवाज खाली आणला. "निरुपयोगी लाकूड असलं तर मात्र तसंच नेता येतं."

"मग ते निरुपयोगी आहे."

"तोंडी नाही चालत. अर्ज द्या. तीन प्रती. कारण लिहा. मग साहेब स्वतः पाहणी करतील."

मी घरी येऊन अर्ज लिहायला बसलो. 'सदर लाकूड कोणत्याही कामाचे राहिलेले नाही' हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं 'सदर'नंतरची होती.

हेडक्लार्क आणि फरशीच्या कंत्राटदाराला घेऊन साहेब पाहणीला आले. चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी माडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली, मधोमध उभं राहून टाच आपटली आणि खूश झाले.

"अहो, लाकूड तर ठणठणीत आहे. कसला सुरेख आवाज येतोय. मी म्हणतो, फरशी तरी कशाला बसवायची?"

हेडक्लार्क माझ्याकडे बघायला लागले. फरशीचा कंत्राटदार त्यांच्याकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांपुढे तो लिलाव आला, ज्याला बालवाडीतल्या मुली आया होईपर्यंत वेळ लागतो.

"तोच तर दोष आहे साहेब," मी म्हणालो. "चांगली जमीन कधी आवाज करते का?"

साहेबांनी विचार केला. माझा धंदा सोडला तर जगातल्या सगळ्या धंद्यांत हे खरं होतं. त्यांनी पुन्हा टाच आपटली, या वेळी कपाळाला आठी घालून, आणि शेरा मारला, "आवाज करते. निरुपयोगी." मला लाकूड मिळालं. त्या जमिनीसमोर उभं राहून मी तिच्याबद्दल जे बोललो ते बाईंच्या कानावर कधी जाऊ नये, एवढीच मनात प्रार्थना होती.

ज्या कार्यालयातून आम्ही लाकूड नेत होतो त्याचा धर्मच वजन करणं, त्यामुळे ते वजन न करता सुटणं शक्य नव्हतं. एकतीस फळ्या एकेक करून काट्यावर चढल्या. पावती मिळाली, 'निरुपयोगी लाकूड, चारशे बारा किलो तीनशे पन्नास ग्रॅम.' इतक्या अचूकपणे निरुपयोगी ठरवलेली वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

आमचा सुतार शहाणा माणूस. फळ्या उचकटताना त्याने प्रत्येक फळीवर खडूने ठळक नंबर घातला, एक ते एकतीस. "साहेब, या नंबरांना हात लावू नका," तो म्हणाला. "ते आहेत तोवर काम एका दिवसाचं. ते गेले, तर मग माझा हात नाही त्यात." ही गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली. माझं चुकलं एवढंच, की मी ती पुढे कुणाला सांगितली नाही.

फळ्या वाहायला बाईंचे जुने विद्यार्थी आले होते. पन्नाशी ओलांडलेला एक दंतवैद्य, बँकेतली एक अधिकारी, एक मुख्याध्यापिका, आणि वर्गात सगळ्यात मागे उभे राहणारे दोघे भाऊ, जे टेम्पोतही मागेच उभे राहिले. कित्येक वर्षांनी सगळे एकत्र जमले होते. मी तळमजल्यावर राहतो, त्यामुळे फळ्या उतरवून थेट मागच्या खोलीत भिंतीशी रचल्या. सुतार जेवायला गेला. मी सगळ्यांसाठी चहा सांगायला स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला बाईंच्या वर्गातले जुने किस्से सांगत तिथेच रमलो.

चहाचा ट्रे घेऊन परत आलो तर दारातच थबकलो. पाचही जण जमिनीवर उकिडवे बसले होते. प्रत्येकाच्या हातात ओलं फडकं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण आधी पोचलो, जमीन समोर आहे, तेव्हा ती पुसायची, एवढंच त्यांच्या हातांना आठवत होतं. दंतवैद्य तर कडा आणि खाचासुद्धा बारकाईने साफ करत होता, तो त्याचा धंद्याचा भाग असावा. मी ट्रे ठेवला आणि मीही एक फडकं घेतलं.

शेवटची फळी पुसून होत होती तेवढ्यात सुतार आला. त्याने लखलखीत फळ्यांकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"नंबर कुठायत?"

मुख्याध्यापिकेने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. भावांपैकी धाकट्याने थोरल्याकडे बोट दाखवलं.

"चाळीस वर्षं लाकडाचं काम करतोय," सुतार म्हणाला. "वाळवी पाहिली, ओल पाहिली. हे पाहिलं नव्हतं." आणि पिशवी उचलून घरी गेला.

बाई जायला नऊ दिवस उरले होते.

या नऊ दिवसांत आमच्या इमारतीतल्या सगळ्या विद्वत्तेला माझ्या मागच्या खोलीत वाव मिळाला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांनी एकतीस फळ्या म्हणजे किती वेगवेगळ्या रचना होतात ते कागदावर काढून दाखवलं. तो आकडा वाचताना ते तीनदा श्वास घ्यायला थांबले. त्यांचं म्हणणं, लाकडाच्या रेषा जुळवायच्या. दोन दिवस आम्ही रेषा जुळवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, की रेषा जुळल्या आहेत पण जमीन उलटी असण्याची शक्यता निम्मी आहे.

मग शेजारच्या संगीतशिक्षिका आल्या. त्यांनी प्रत्येक फळीवर बोटाने टिचकी मारून, डोळे मिटून, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत फळ्या लावून दिल्या. दिसायला आणि ऐकायला फार सुंदर रचना झाली. फक्त, बायको कपडे वाळत घालायला खिडकीशी गेली की सूर चढत आणि परत आली की उतरत.

"मी माझ्या घरात आरोह-अवरोह करत फिरणार नाही," ती म्हणाली. ती रचनाही गेली.

शेवटी वाट सापडली ती बायकोलाच. दोन फळ्यांवर तिला खोलगट खळगे दिसले, चार. बाईंच्या खुर्चीचे पाय. तिथून पुढे मी गुडघ्यांवर बसून जमीन वाचायला लागलो. ही झीज पहिल्या रांगेची. हा फिकट डाग खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा. ही पट्टी जवळजवळ कोरी, म्हणजे इथे दोघे भाऊ उभे राहत. एका फळीवर एक बोटभर गुळगुळीत जागा होती, तिथे पाय ठेवला आणि मला एकदम माझं एकोणीस वर्षांचं वय आठवलं, निळा शर्ट, आणि शेजारी उभं राहून मुद्दाम माझ्या ठोक्यावर ठोका टाकणारी बँकेतली अधिकारी, जी तेव्हा बँकेतही नव्हती आणि अधिकारीही नव्हती. पाचव्या दिवशी सगळ्या फळ्या जागेवर होत्या. मी सुताराच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने ती चहाच्या तिसऱ्या कपाला स्वीकारली आणि जमीन ठोकून दिली.

मी बूट घातले आणि बाईंचा पहिला धडा केला. सोळा ठोक्यांचा, सोपा, जो त्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात शिकवत. बारा ठोके उत्तम पडले. तेरावा पडला तो किंचित रेंगाळून, पाहुणा उठता उठता परत बसावा तसा. पुन्हा केला. पुन्हा तेरावा तसाच. माडीवर हा ठोका कसा स्वच्छ पडायचा ते माझ्या कानांत पक्कं होतं.

"एकोणिसावी फळी," मी सुताराला म्हणालो. "ती दाबली गेली नाहीये."

त्याने एकोणिसावी उचकटून परत ठोकली. मग अठरावी आणि विसावी. मग एकोणिसावी आणि बाविसावी यांची अदलाबदल केली, मग तीही परत फिरवली. इंजिनियरांनी आर्द्रतेची शंका काढली. शिक्षिकांनी भिंतीला रजया लावून पाहिल्या. तेरावा ठोका जागचा हलला नाही. आठव्या दिवशी चौथ्यांदा कटावणी लावताना सुतार म्हणाला, "साहेब, फळी तीच, खिळे तेच, हातोडी तीच. आता मीच तेवढा बदलायचा राहिलोय."

नववा दिवस उजाडला. बाईंना काय सांगायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं: बाई, तुमची जमीन आणली, पण ती मी बिघडवली.

सकाळी दहाला लेकीची गाडी दारात थांबली. मागच्या काचेपर्यंत सामान भरलेलं. लेक म्हणाली, "अर्धा तास हं, आई." बाई काठी टेकत मागच्या खोलीत आल्या. पाच जुने विद्यार्थी भिंतीशी रांगेत उभे राहिले, उंचीप्रमाणे, तेही कुणी न सांगता. दारात बायको, इंजिनियर, शिक्षिका आणि त्यांच्यामागे सुतार. माडीवरून आणलेली त्यांची खुर्ची खळग्यांवर बरोब्बर ठेवली होती. बाई बसल्या. खाली पाहिलं आणि काठी एकदा आपटली, म्हणजे सुरू कर.

मी धडा केला. तेरावा ठोका रेंगाळला.

बाई माझ्या पायांकडेच बघत होत्या.

"बाई, माफ करा," मी म्हणालो. "नंबर पुसले गेले. क्रम कुठेतरी चुकलाय."

"क्रम कसला?"

"फळ्यांचा. मूळचा."

"मूळचा कुठला आलाय? तू यायच्या आधी तिथे नळ फुटून सगळी जमीन उचकटली होती. गड्यांनी हाताला येईल ती फळी ठोकली. जमीन ठीक आहे."

सुताराने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की काय करत होता ते मी पाहिलं नाही.

"मग तेरावा ठोका?"

"तो जमिनीचा नाही. तुझी डावी टाच मागे राहते."

बँकेतली अधिकारी छताकडे पाहायला लागली, आणि तिला हे माहीत होतं हे माझ्या लक्षात आलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तिकडे खालची वजनं थरथरायची ना, त्यात लपून जायची."

"सदतीस वर्षं, बाई. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला वाटलं, जाईल आपोआप." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आता मी चालले, म्हणून सांगितलं. कर पुन्हा."

मी छप्पन्न वर्षांचा आहे. अडीचशे विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले आहेत. मी पुन्हा केला. "नाही," बाई म्हणाल्या. पुन्हा केला. "नाही." सहाव्या वेळी शर्ट पाठीला चिकटला. नवव्या वेळी लेक दारात आली. "आई, निघायला हवं."

"थांब गं," बाई म्हणाल्या. "ह्याचं एवढं एक राहिलंय."

मग त्या उठल्या. लेक पुढे झाली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. काठी माझ्याकडे दिली, माझा खांदा धरला आणि घरातल्या साध्या सपातांनी धड्याचे शेवटचे चार ठोके केले. आवाज जवळजवळ आलाच नाही. पण जो आला तो वेळेवर आला. त्यांच्या हाताचा भार माझ्या खांद्यावर पडला तो नेमका तेराव्याच्या आधी, आणि ती टाच कुठून उचलायची असते ते मला तेव्हा कळलं.

त्या खुर्चीत बसल्या. मी केला. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मान हलवली आणि लेकीला म्हणाल्या, "चल."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. बूट तसेच पायांत होते, फरशीवर घसरत होतो. दार लावलं, खिडकीशी वाकलो. सदतीस वर्षांचं काहीतरी बोलायचं होतं, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

"बाई..."

"इथे काय उभा राहतोस?" बाई म्हणाल्या. "आत जा आधी. विसरशील."

मी आत गेलो. गाडी कधी निघाली ते मला कळलं नाही. मी तेराव्या ठोक्यावर होतो.